शत्रू हलत नाही

"ताई, तुमचा शत्रू हलेना झालाय."

जैन बसदीतून दर्शन घेऊन मी नुकतीच ऑफिसात पोचले होते. पर्स अजून खांद्यालाच होती आणि फोनवर लोमटेसाहेब होते.

"नमस्कार साहेब. हलत नाही म्हणजे स्क्रीन अडकलाय का?"

"स्क्रीन चांगला पळायलाय. घोडं शेपूट हलवायलंय, झेंडा फडकायलाय, मशाली पेटल्यात. नुसता माणूस हलेना. मी किल्ल्याखाली तोफा आणल्या, हलला नाही. दरवाजासमोर तळ ठोकला, हलला नाही. म्हणलं बघावं तरी, म्हणून दारूगोळ्याची गाडी त्यांच्या दरवाजाच्या बरोबर मधी नेऊन उभी केली. एकटी. राखणीला माणूस ठेवला नाही. लुटा म्हणलं! ताई, त्यांचा एक शिपाई आला, गाडीला वळसा घातला, विहिरीवर गेला, पाणी शेंदलं आणि परत गेला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? किल्ला घेतला. पण लाज वाटली हो. झोपलेल्या माणसाच्या खिशातनं पाकीट काढल्यावानी."

मी म्हणाले, "साहेब, बघते मी. हुमेराला लगेच दाखवते."

श्रीहरी लोमटे म्हणजे परभणीच्या एसटी डेपोतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर माइकवर गाड्यांची नावं पुकारलेली, त्यामुळे ते फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जायचं. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेम्सचा नाद लागला आणि त्यांनी असल्याच नादिष्ट लोकांचा एक मोठा गट जमवला. कोण गोव्याचं, कोण नागपूरचं, कोण थेट मस्कतमधलं. गटाची दर वर्षी एक स्पर्धा व्हायची, आणि त्या वर्षी स्पर्धेसाठी त्यांनी आमची गेम निवडली होती.

आमची म्हणजे शार्दूल इंगवलेची. जयसिंगपुरात आठव्या गल्लीत खताच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं तो आणि हुमेरा मुजावर मिळून युद्धाच्या गेम्स बनवायचे. शार्दूल चित्रं आणि नकाशे करायचा, मिरजेहून येणारी हुमेरा सगळं प्रोग्रॅमिंग करायची, आणि मी खेळणाऱ्यांचे फोन आणि मेल बघायचे. मला हे काम कसं मिळालं याचं लोकांना नवल वाटायचं. शार्दूल आमच्या शेजारचा. त्याचे वडील गल्लीत कुणावर भडकले की लोक मला बोलवायला यायचे, कारण माझा आवाज चढतच नाही आणि समोरच्याला मग एकट्यानं ओरडायला संकोच वाटतो. "काकी," तो एक दिवस म्हणाला होता, "माझी गिऱ्हाईकं पप्पांसारखीच आहेत. याल का?"

'घाटमाथा' ही त्यांची दुसरी गेम. खेळणाऱ्यानं एक फौज घ्यायची, कॉम्प्युटरनं दुसरी. किल्ले घ्यायचे, राखायचे, रात्रीचे छापे घालायचे. पहिली गेम फारशी कुणी खेळलीच नव्हती. वडिलांनी शार्दूलला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर गेमचं नाव झालं नाही तर दोन खोल्या खाली करायच्या आणि त्यांच्या फवारणी पंपांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. लोमटेंच्या स्पर्धेत चांगलं झालं तर नाव होणार होतं. स्पर्धा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी होती.

आणि शत्रू हलत नव्हता.

"माझ्याकडं तर पळतोय," हुमेरा म्हणाली. तिनं माझ्यासमोर खेळून दाखवलं. शत्रूच्या घोडेस्वारांनी तिची छावणी अशी उधळली की तिनं खुर्ची मागं सरकवली. "बघा! असला शत्रू कुठं मिळतो का? लोमटेंचा कॉम्प्युटरच म्हातारा झाला असेल."

"ते म्हणतात स्क्रीन चांगला पळतोय."

"मग लोमटे म्हातारे झाले असतील."

पण पुढच्या दिवसांत आणखी फोन आले. एकाचा शत्रू नुसताच तटाची डागडुजी करत बसलेला. एकाचा शत्रू घोड्यांना पाणी पाजत होता, आणि याची फौज जवळ आली तशी अदबीनं बाजूला झाली. गंमत म्हणजे त्याच लोकांचे कौतुकाचेही मेल यायचे. गोव्याच्या शर्वाणी नाईक नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, की इतका शिस्तीचा शत्रू तिनं कुठल्या गेममध्ये पाहिला नाही. त्याची फौज रात्री कधी भुकेली सापडत नाही, तिच्यात रोगराई पसरत नाही, आणि पळणाऱ्या तुकडीच्या मागं लागून ती कधी सापळ्यात शिरत नाही. हुमेरानं तो मेल मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.

शार्दूल मात्र भडंगाची पुडी हातात धरून खिडकीशी उभा राहायचा आणि एकही दाणा तोंडात टाकायचा नाही. जयसिंगपूरचा माणूस भडंग हातात घेऊन खात नाही, तेव्हा समजावं की काळजी खोल आहे.

"काकी, लोमटेसाहेब काय म्हणाले? स्पर्धा रद्द?"

"रद्द नाही म्हणाले. शत्रूला जागा करा म्हणाले."

शुक्रवारी पुन्हा त्यांचा फोन आला. स्पर्धेला नऊ दिवस होते.

"ताई, तुमचा रोग सापडला मला. चंद्र अर्धा असला ना, की तो बसतो."

"चंद्र?"

"गेममधला चंद्र हो. मी तीच लढाई निरनिराळ्या रात्री लावून बघितली. चंद्राची कोर असली तर वाघावानी येतो. अर्धा चंद्र आला की बसला मांडी घालून. अन् पुनवेच्या आदल्या रात्री, अवसेच्या आदल्या रात्री तेच. मला एक सांगा, तुमचा शत्रू उपास धरायलाय का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या बघायला लागले.

"हॅलो? ताई? हायेत का?"

"आहे साहेब. बघते मी."

"बघा बघा. आणि ऐका, स्पर्धेची लढाई मीच निवडणार आहे. मुद्दाम अर्ध्या चंद्राचीच रात्र ठेवणार. तुमचा सेनापती जागा झाला की नाही ते सगळ्यांदेखत कळू द्या. तोंडावर गोड बोलून मागं नावं ठेवणाऱ्यातला मी नाही."

मी फोन ठेवला. मग हुमेराकडं गेले.

"हुमेरा, आपल्या शत्रूला चंद्र कळतो का गं?"

"कळतो की. अंधारात छापा घालायचा तर चंद्र कळायलाच पाहिजे."

"आणि तो लढायला शिकला कुणाकडनं?"

"तुमच्याकडनं," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "आम्हाला दोघांना वेळ कुठं होता? तुमचेच सगळे डाव त्याला दाखवलेत. ते बघून बघून तो..."

तिची बोटं थांबली.

हे सांगायला हवं. गेम बाहेर पडायच्या आधी कित्येक महिने, फोन नसतील तेव्हा दुपारी मी ती खेळत बसायचे. शार्दूलनंच बसवलं होतं. माझं खेळणं कॉम्प्युटर साठवून ठेवायचा आणि त्यावरून आपण कसं लढायचं ते शिकायचा. सुरुवातीला मी फार बिचकले. पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतं, हे लहानपणापासून प्रवचनात ऐकलेलं. मग हे चित्रातले सैनिक कसे मारायचे? पण मी नेहमी किल्ला राखणारी बाजू घ्यायचे. आपल्यावर चालून आलेल्याला अडवायची संसारी माणसाला मुभा आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती. तरी माझे रोजचे नियम होतेच. आणि त्या वेळच्या कच्च्या गेममध्ये हुमेरानं काम वाचवायला चंद्र तारखेला जोडून टाकला होता. बाहेर आकाशात जो चंद्र, तोच गेममध्ये.

हुमेरानं खुर्ची सावकाश माझ्याकडं वळवली. "काकी. तुम्ही अष्टमीला काय करायचात?"

"तुला सांगितलं होतं की. आज अष्टमी आहे, आज मी कुणाला मारणार नाही म्हणून. चतुर्दशीलाही."

"आणि मी काय म्हणाले?"

"'बरं काकी, घोडे फिरवा' म्हणालीस."

"मग?"

"घोडे फिरवले. तटाचे ढासळलेले दगड लावले, विहिरी उपसल्या. कुणी चालून आलं तर वाट सोडून बाजूला झाले."

खिडकीपाशी शार्दूल वळला. "म्हणजे आपल्या शत्रूचा खरंच उपास आहे?"

हुमेरानं कपाळ कीबोर्डवर टेकलं आणि ती हसायला लागली. स्क्रीनवर अक्षरांची रांगच्या रांग उमटत गेली. "या अल्ला! मी रोजे धरून प्रोग्रॅम लिहिते, आणि ह्यांचा सेनापती अष्टमीला जागचा उठत नाही!"

"आणि रात्री ती फौज भुकेली सापडत नाही," शार्दूल म्हणाला, "म्हणजे..."

"दिवस मावळायच्या आत जेवते ना," मी म्हणाले.

"रोगराई नाही?"

"पाणी गाळून घेते रे. तू विहिरीजवळ ते गाळणीचं चित्र काढलंयस, ते मी रोज दाबायचे. तुम्ही कुणी दाबत नाही का?"

"काकी, ते मी शोभेसाठी काढलं होतं!"

"शोभेसाठी काढलंस, पण रोगराईचा हिशेब मी त्याला जोडलाय," हुमेरा डोळे पुसत म्हणाली. "दोन वर्षांत तुला कळलं नाही."

आधी असं ठरलं की अर्ध्या चंद्राच्या रात्री दुसऱ्या कुणीतरी खेळून दाखवायच्या. शार्दूल बसला. शनिवार-रविवार बसला. सोमवारी हुमेरानं ते डाव शत्रूला शिकवले आणि आम्ही तिघं बघायला उभे राहिलो. चंद्र अर्धा होता. शत्रू हलला. किल्ल्याचे चारी दरवाजे सताड उघडे टाकून, पाठीमागं रसद न घेता, सगळी फौज ओरडत खाली उतरली आणि समोरच्या नाल्यात शिरून चिखलात रुतली.

"हा तर तूच आहेस," हुमेरा शार्दूलला म्हणाली. "चार्जर घरी विसरून मुंबईला निघालेला."

"तू खेळ मग!"

"मी खेळले तर तो प्रत्येक सैनिकाची चूक शोधत बसेल. लोकांना शत्रू काकींचा आवडलाय. बाकीच्या रात्री काकी आणि त्या चार रात्री दुसराच कुणी, हे लगेच कळतं."

मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले. शेवटी शार्दूलनं घसा खाकरला.

"काकी, आज बाहेर तृतीया आहे. हुमेरा आता गेममधला चंद्र पाहिजे तसा लावू शकते. म्हणजे तुम्ही चतुर्थी-पंचमीला बसून अष्टमी खेळायची. खरी अष्टमी नाहीच ती. कॉम्प्युटरमधली आहे."

"सैनिकही कॉम्प्युटरमधलेच होते की रे."

"तेच म्हणतोय मी! खोटेच आहेत."

"मग मी खऱ्या अष्टमीला त्यांना मारलं का नाही?"

त्यानं हुमेराकडं बघितलं.

"बरोबर आहे काकींचं," हुमेरा म्हणाली. "सैनिक खोटे धरले तर आजवर पाळलं त्याला अर्थ नाही. खरे धरले तर कॉम्प्युटरमधली अष्टमीही खरी धरावी लागेल. एक खरं आणि एक खोटं, असं सोयीनं धरता येत नाही."

"तू माझ्या बाजूनं आहेस का त्यांच्या?"

"मी लॉजिकच्या बाजूनं आहे."

शार्दूलनं हातातली भडंगाची पुडी टेबलावर ठेवली आणि हसला. "राहू दे काकी. तुमचा नियम मोडून गेम चालवायची नाही. लोमटेसाहेबांना सांगू, ह्या वर्षी दुसरी गेम घ्या. पप्पांचं दुकान काय वाईट नाही. पंप तरी कुणीतरी विकायला पाहिजेतच की."

मी घरी गेले. दिवस मावळायच्या आत दोन घास खाल्ले आणि लवकर अंथरुणावर पडले, पण मन त्या दोन खोल्यांतच होतं. त्या पोरानं एकेका किल्ल्याच्या तटाचा एकेक दगड हातानं रंगवला होता. दुसरीकडं, जो नियम मी सासरी, माहेरी, दुखण्यात, लग्नकार्यात कधी मोडला नाही, तो एका खेळापायी मोडायचा, हे मनाला पटत नव्हतं.

सकाळी बसदीत बसले होते. अहिंसेच्या व्रताला कशाकशानं दोष लागतो ते मी रोज मनाशी म्हणते. आजीनं परकरात असताना पाठ करून घेतलेलं: जीवाला बांधणं, मारणं, त्याचा अवयव तोडणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आणि त्याचं अन्नपाणी अडवणं. रोज म्हणते तसंच म्हटलं आणि थांबले. पुन्हा एकदा म्हटलं, बोटं मोजत.

ह्या पाचांत हलणं कुठं होतं?

तक्रार तरी काय होती लोकांची? शत्रू मारत नाही अशी नव्हतीच. शत्रू हलत नाही, अशी होती.

मी इतक्या घाईनं ऑफिसात गेले की चपला खताच्या दुकानाच्या पायरीवरच राहिल्या. मालक वर घेऊन आले.

"हुमेरा, चंद्र अर्धा लाव."

"काकी, नक्की?"

"लाव गं. मी कुणाला मारणार नाही. बघ तू."

समोरच्या फौजेची बाजू शार्दूलनं घेतली. मी माझी माणसं किल्ल्याबाहेर काढली, पण पुढं नेली नाहीत. हळूहळू, मशाली विझवून, चढावरून, ओढ्याकाठानं, खिंडीतून त्याच्या छावणीभोवती नेऊन उभी केली. मग सगळ्या मशाली एकदम पेटवल्या.

"वेढा!" शार्दूल ओरडला. "काकी, वेढा घातला! आता मला उपाशी मारा!"

"अन्नपाणी अडवायचं नाही," मी म्हणाले. "हुमेरा, रसदेच्या गाड्या शत्रूच्या तळावर सोडता येतात का?"

"येतात," ती सावकाश म्हणाली. "आजवर कुणी सोडल्या नाहीत."

मी सोडल्या. दहा गाड्या भात-आमटीच्या असाव्यात असं मी मनात धरलं.

"वेढा घालून जेवण पाठवणाऱ्या तुम्हीच पहिल्या," हुमेरा म्हणाली. "आणि ही दक्षिणेची वाट का मोकळी ठेवलीत? तिकडनं तो पळून जाईल."

"बांधायचंही नाही ना कुणाला. घरी जायचं असेल त्यानं जावं."

शार्दूल हल्ल्याचं बटण दाबत होता. त्याची फौज उठेना. त्यानं पुन्हा दाबलं. सैनिक एकदा गाड्यांकडं बघत होते, एकदा दक्षिणेच्या वाटेकडं.

"हे काय झालं? ए हुमेरा, बटण बिघडलं!"

हुमेरा खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. "बटण ठीक आहे. तुझ्या माणसांची उमेद बघ. चहूबाजूंनी कोंडलेली फौज जीवावर उदार होऊन दुप्पट लढते, असं मीच लिहून ठेवलंय. पण पोट भरलेलं असलं आणि घरची वाट दिसत असली, तर तिची लढायची उमेद उतरते. तेही मीच लिहिलंय. त्याचा असा उपयोग कुणी करेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"मग आता मी काय करू?"

"तह कर."

"तह कुठं असतो?"

गेम त्यानंच बनवली होती.

चतुर्थी-पंचमी-षष्ठी अशी मी बसून खेळले. किल्ले बदलले, नकाशे बदलले. अर्धा चंद्र, पुनवेची आदली रात्र, अवसेची आदली रात्र. कधी शार्दूल खिंडीतून निसटला, कधी त्यानं माझी गाडी उलटवली, तेव्हा मी माणसं मागं घेऊन दुसरीकडनं आणली. तो वैतागायचा. "काकी, तुम्ही एकदा तरी रागवा की!" एका डावात मी बिनहत्यारी भिस्ती पुढं धाडले, तर ते त्याच्याच तहानलेल्या घोड्यांना पाणी पाजून आले. त्या डावाला हुमेरानं हात जोडले. शुक्रवारी तिनं सगळे डाव शत्रूला शिकवले, शनिवारी गेमचं अपडेट सगळ्यांना धाडलं.

रविवारी दुपारी स्पर्धा सुरू झाली. सगळे आपापल्या घरून खेळणार होते. लढाई लोमटेसाहेबांनी निवडली होती, चंद्र अर्धा. त्यांनी स्वतःही भाग घेतला होता. गेली तीन वर्षं तेच जिंकत आलेले. आम्ही तिघं ऑफिसात बसलो होतो. हुमेरानं घरून शीरखुर्मा आणला होता, सण नसताना. "धीर धरायला काहीतरी पाहिजे," म्हणाली.

बराच वेळ फोन शांत होता. मग एकदम वाजायला लागला.

शार्दूलनं डोळे मिटले. "आल्या तक्रारी."

मी उचलला. गोव्याची शर्वाणी होती. "काकू, तह कुठं असतो हो?"

तो ठेवला, तर नागपूरचे एकजण. "ताई, ते शरण जायचं बटण सापडून नाही राहिलं!" मग मस्कतहून. मग पुन्हा नागपूर. मी एकेकाला सांगत होते, वरचा उजवा कोपरा, पांढरं निशाण. हुमेरा दुसऱ्या फोनवर तेच सांगत होती. शार्दूल आळीपाळीनं आमच्या तोंडांकडं बघत होता. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं टेबलावरची पुडी फोडली आणि मूठच्या मूठ भडंग तोंडात कोंबला.

सगळ्यांत शेवटी लोमटेसाहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा माइकवरचा नव्हता. कुणाच्या तरी घरात लपून बोलावं तसा होता.

"ताई. तुमच्या शत्रूनं मला घेरलंय."

"हलला का मग, साहेब?"

"हलला? अहो मला कळलंसुद्धा नाही कधी हलला ते! मी दरवाजाकडं बघत बसलो, अन् मागं वळून बघतो तर चढावर, ओढ्यात, खिंडीत सगळीकडं मशालीच मशाली. एक बाण सोडला नाही. वर जेवणाच्या गाड्या पाठवल्यात. माझे लोक हत्यारं खाली ठेवून रांगेत बसलेत, ताई! मी 'हल्ला, हल्ला' दाबायलोय अन् कुणी मान वर करून बघंना. चाळीस वर्षं एसटी स्टँड सांभाळलं, इतकं कुणी माझं न ऐकलेलं मला आठवत नाही."

"काही त्रास झाला का साहेब?"

"त्रास कसला! असली मजा मला कुठल्या गेममध्ये आली नव्हती. गटातले सगळे येडे झालेत. पुढच्या वर्षीबी हीच गेम, सांगा तुमच्या शार्दूलला. पण मला एक खरं सांगा. हे डोकं कुणाचं? कुणाला बघून शिकलाय हा?"

हुमेरा मला हातानं 'नको नको' करत होती. ते गुपित ठेवायचं असं त्या दोघांचं ठरलं होतं. पण कुणी सरळ विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?

"माझं खेळणं बघून, साहेब."

पलीकडनं गेममधल्या रातकिड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"तुमचं?"

"हो."

"म्हणजे मी इतके दिवस..." ते थांबले. "म्हणजे मी इतके दिवस शत्रूलाच फोन लावून विचारायलो, की बाबा तू हलत का नाहीस?"

"हो, साहेब."

"अन् शत्रू मला म्हणायलाय, 'बघते मी'!"

"मग बघितलं ना, साहेब."

ते हसायला लागले. माइकवरचा आवाज परत आला. शार्दूलनं आणि हुमेरानं ते हसणं पलीकडच्या टेबलावरून ऐकलं. हसता हसता त्यांना खोकला आला, कुणीतरी त्यांना पाणी दिल्यासारखं वाटलं, मग ते पुन्हा फोनवर आले.

"बरं ताई. आता हरायचंच तर नीट हरू. काय करायचं सांगा."

"वर उजव्या कोपऱ्यात पांढरं निशाण आहे, ते दाबा. आता अटी दिसतील. घाई नाही, सावकाश वाचा. हत्यारं तुमचीच राहतील. किल्ल्याचा नाद सोडून सगळ्यांनी सुखरूप घरी जायचं, एवढंच आहे."

"वाचलं. खाली हिरवं बटण आलंय. ते दाबलं की काय होतं?"

"काही होत नाही, साहेब. दाबा. पानं वाढलीत."